वाचकांचे प्रश्न : इंग्रजी समजते, पण तोंड उघडत नाही

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पत्रे बरीच आहेत, आणि त्यांतली तक्रार जवळजवळ एकच आहे. पुस्तक वाचले की कळते, पेपर लिहिता येतो, पण चार माणसांपुढे इंग्रजीतून बोलायची वेळ आली की शब्द घशातच अडकतात. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये यासाठी नावे आणि महाविद्यालये गाळली आहेत व मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी मूळची परभणी जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.एस्सी. तालुक्याच्या गावी, आणि आता पुण्यात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. बी.एस्सी.ला महाविद्यालयात पहिली आले होते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत जिल्हा पातळीपर्यंत बक्षिसे मिळवली आहेत, त्यामुळे मला कोणी लाजाळू म्हणणार नाही. गेल्या महिन्यात माझा सेमिनार होता. सगळे पाठ करून गेले होते. ‘गुड मॉर्निंग’ म्हटले, पहिली स्लाइड आली आणि पुढचे वाक्य डोक्यातून पार पुसले गेले. हात थरथरायला लागले. सर समजुतीने ‘टेक युअर टाइम’ म्हणाले, तर मी आणखीच गांगरले. शेवटी स्लाइडवरचे जसेच्या तसे वाचून दाखवले आणि खाली बसले. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसते. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकले आहे हे कळत असूनही सरांना विचारत नाही, कारण विचारायचे म्हणजे इंग्रजीतून विचारायचे. मला इंग्रजी येतच नाही का? की माझ्यातच काही कमी आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातली दोन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. एक वक्तृत्व स्पर्धेचे आणि दुसरे चुकलेल्या रीडिंगचे. पहिल्या वाक्यातून दुखणे नेमके कुठे आहे ते कळते आणि दुसऱ्यातून ते तुम्हाला किती महागात पडत आहे ते कळते.

जी मुलगी मराठीतून जिल्ह्याच्या व्यासपीठावर उभी राहून बक्षीस आणते, तिला माणसांची भीती वाटत नाही आणि व्यासपीठाचीही वाटत नाही. तिला भीती वाटते ती इंग्रजी बोलताना आपण इतरांना कशा दिसू याची. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी या भीतीला फार पूर्वी स्वतंत्र ओळख दिली आहे. १९८६ साली इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोॲन कोप या तिघांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून असे मांडले की परक्या भाषेच्या वर्गात बोलताना जी भीती वाटते ती एरवीच्या लाजरेपणाहून आणि परीक्षेच्या धास्तीहून वेगळी असते. ती मोजण्यासाठी त्यांनी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. तयारी नसताना बोलावे लागले की मी घाबरून जातो, मी बोललो तर बाकीचे हसतील असे वाटते, अशा आशयाची ती विधाने आहेत, आणि ती प्रश्नावली आजही जगभरच्या विद्यापीठांत वापरली जाते. यात तुम्ही लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे ते विद्यार्थी इंग्रजी शिकत नव्हते, स्पॅनिश शिकत होते. ज्यांच्या इंग्रजीपुढे आपण दबून जातो, तीच मुले दुसऱ्याची भाषा बोलायची म्हटल्यावर तुमच्यासारखीच घामाघूम होत होती. तेव्हा तुमच्यात काही कमी आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

त्या तिघांचे एक निरीक्षण मला विशेष मोलाचे वाटते. मोठ्या माणसाच्या मनात स्वतःविषयी एक चित्र असते की मी समजूतदार आहे, माझे विचार पक्के आहेत, मला माझा विषय येतो. परक्या भाषेत मोजकेच शब्द हाताशी असले की हे चित्र लोकांपुढे मांडताच येत नाही. आतून आपण बावीस वर्षांच्या असतो आणि बोलण्यातून सात वर्षांच्या वाटतो. हा अपमान दुसऱ्या कोणी केलेला नसला तरी तो खराच बोचतो, आणि जो विद्यार्थी आपल्या भाषेत जितका समर्थ, त्याला तो तितका अधिक बोचतो. वक्तृत्वात बक्षिसे मिळवलेल्या मुलीला तो सर्वांत जास्त बोचणार, यात नवल नाही.

हे मी केवळ पुस्तकांच्या आधारे लिहीत नाही. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, पाचवीपासून इंग्रजी शिकून, एम.ए.ला इंग्रजी घेऊन शहरात आले होते. पहिल्याच ट्यूटोरियलमध्ये मी एका कवितेविषयी दोन वाक्ये बोलले आणि मागून हसण्याचा आवाज आला. पुढे दोन महिने मी वर्गात एक शब्द बोलले नाही. मग एका प्राध्यापिकेने मला दर शुक्रवारी तास संपल्यावर पाच मिनिटे थांबायला सांगितले. आठवड्यात जे वाचले असेल ते त्या पाच मिनिटांत सांगायचे, एवढेच. त्या हातातल्या वह्या तपासत असत, माझ्याकडे क्वचितच बघत, आणि मला एकदाही मध्ये थांबवत नसत. त्यांनी माझ्याकडे न बघणे हा त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता, हे मला स्वतः शिकवायला लागल्यावर उमगले.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे, म्हणजे इंग्रजी येते की नाही याकडे वळते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पदवी मिळेपर्यंत तुम्ही सुमारे पंधरा वर्षे इंग्रजी शिकलात. पण त्या पंधरा वर्षांत स्वतःच्या मनातले, स्वतः जुळवलेले वाक्य मोठ्याने किती वेळा उच्चारलेत, याचा हिशेब एकदा मांडून पाहा. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे गाइडमधून उतरवली, गाळलेल्या जागा भरल्या, निबंध पाठ केले, पेपर सोडवले. डोळ्यांना आणि हाताला इंग्रजीची सवय झाली, जिभेला ती होऊ दिली गेली नाही. यात तुमचा दोष नाही. मात्र यावरून असे दिसते की तुमच्यापुढे दोन वेगळी कामे आहेत. जिभेला सवय लावणे हे एक आणि भीतीचा जोर कमी करणे हे दुसरे, आणि पहिले सुरू केल्याशिवाय दुसरे होत नाही.

सवयीच्या वाटेवर मराठी माणसाला एक ठरावीक ठेच लागते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ यावे लागते. तुमच्याच विषयातले वाक्य घ्या: ‘तापमान वाढवल्यावर या अभिक्रियेत मिळणाऱ्या पदार्थाचे प्रमाण कमी होते.’ मनात हे मराठीतून जुळवून तोंडाने इंग्रजीत सांगायला गेलात, तर ‘टेम्परेचर’पासून सुरुवात होते, मग ‘रिॲक्शन’ येते, आणि ‘कमी होते’ला पोहोचेपर्यंत वाक्याचा सांगाडा कोसळलेला असतो. बहुतेक विद्यार्थी अडखळतात ते नेमके इथे, आणि त्यांना वाटते की आपल्याला शब्द आठवला नाही. शब्द आठवलेला असतो, त्याला बसायला जागा उरलेली नसते. म्हणून आधी कोण किंवा काय ते सांगायचे, लगेच काय होते ते सांगायचे, आणि केव्हा, कुठे, कसे हे मागाहून जोडायचे. ‘द यील्ड डिक्रीझेस’ एवढे बाहेर पडले की निम्मे वाक्य पदरात पडले. ‘व्हेन वी रेझ द टेम्परेचर’ त्याला निवांत जोडता येते. वाक्ये आखूड ठेवा. जोडवाक्यांचा हट्ट पहिले वर्षभर तरी धरू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक सोय अशी की विषयाचे शब्द तुमच्याकडे इंग्रजीतच आहेत. टायट्रेशन, प्रेसिपिटेट, कॅटॅलिस्ट हे शब्द तुम्ही मराठीत बोलतानाही तसेच वापरता. कमी पडतात ते सांधे, म्हणजे ‘आधी आम्ही हे घेतले’, ‘आता हा आलेख पाहा’, ‘याचे कारण असे की’, ‘हा प्रश्न मला नीट कळला नाही, पुन्हा सांगाल का’ यांसारखी वाक्ये. अशी दहा-बारा वाक्ये इंग्रजीत तयार करून ती रोज मोठ्याने म्हणा, इतकी की ती विचार न करता तोंडात येतील. पाठांतर करायचे ते एवढ्याचेच, आणि फार तर सेमिनारच्या पहिल्या दोन वाक्यांचे. संपूर्ण भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्या मजकुरातला एक दुवा निसटला की मागचे सगळे त्याच्याबरोबर जाते, आणि तुमच्या सेमिनारला तेच झाले.

पुढच्या सेमिनारसाठी एक पद्धत सुचवते. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ साली ती अभ्यासून तिचा उपयोग दाखवून दिला होता. एकच विषय तीन वेगवेगळ्या व्यक्तींना तीनदा सांगायचा, पहिल्या व्यक्तीला ४ मिनिटांत, दुसरीला ३ मिनिटांत आणि तिसरीला २ मिनिटांत. विषय तोच असल्याने काय सांगायचे याचा शोध पहिल्याच फेरीत संपतो आणि पुढच्या दोन फेऱ्यांत जीभ मोकळी होते. होस्टेलवर तीन मैत्रिणी सहज मिळतील. त्यांना रसायनशास्त्र कळत नसेल तर अधिकच चांगले, कारण मग तुम्हाला सोपे करून सांगावे लागेल.

आता भीतीविषयी. तुम्हाला वाटले की तुमचे थरथरणे साऱ्या वर्गाने पाहिले. केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिले की बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघड वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट बोलण्याआधी ज्यांना नुसती समजावून सांगितली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणून ती तुम्हालाही सांगते. छातीत धडधडायला लागले की ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावू नका. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलायला उभे राहण्यापूर्वी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणारे अधिक चांगले बोलले. धडधड भीतीत आणि उत्साहात तीच असते, आणि स्पर्धेच्या वेळी माइकसमोर जाताना ती तुम्हाला नक्कीच जाणवली असेल. तेव्हा तुम्ही तिला भीती म्हटले नव्हते.

शेवटचा बाक मात्र सोडा. तिथे बसल्याने त्या दिवसापुरती सुटका होते आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. एकदम पहिल्या बाकावर जाऊ नका, मधल्या रांगेत या. या आठवड्यात सरांना एकच प्रश्न विचारा, तोही तास संपल्यावर, आधी वहीत लिहून ठेवलेला. पुढच्या आठवड्यात न लिहिता विचारा. आणि प्रयोगशाळेतले रीडिंग चुकले असेल, आम्लाच्या प्रमाणाची शंका असेल, तर त्या क्षणी जी भाषा तोंडात येईल त्या भाषेत विचारा; मराठीत, हिंदीत, अर्धे-अर्धे, कसेही. इंग्रजीच्या भीतीपायी तुमचे रसायनशास्त्र कच्चे राहणे हे मला सर्वांत जास्त खटकते.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातला, यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ‘डेट’ या शब्दातला ‘बी’ मी उच्चारला, तेव्हापासून काही मुले मला ‘डेब्ट’ म्हणूनच हाक मारतात. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहेत. ग्रुप डिस्कशनमध्ये मी गप्पच बसतो. माझा गावठी उच्चार घालवण्यासाठी काय करू?

उत्तर : आधी त्या शब्दाविषयी. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये ‘बी’ लिहितात पण उच्चारत नाहीत, पावती या अर्थाच्या ‘रिसीट’मध्ये ‘पी’ लिहितात पण उच्चारत नाहीत. आपण देवनागरीवर वाढलेली माणसे. जे लिहिले ते बोलायचे, हे आपल्या लिपीने आपल्याला शिकवले. हा शब्द तुम्ही ऐकण्याआधी वाचला होता, म्हणून तो तसा उच्चारलात. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्यांना तो कानांनी मिळाला, तुम्हाला स्वतःच्या वाचनातून मिळाला, आणि यात मान खाली घालण्यासारखे काहीही नाही.

उच्चार ‘घालवण्या’चे मात्र मनातून काढून टाका. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील अभ्यासकांनी १९९५ सालीच दाखवले की बोलण्यात परका सूर असणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणाऱ्यांना ज्यांचा सूर फार परका वाटला, त्यांचेही बोलणे अनेकदा शब्दन् शब्द समजले होते. तुमच्या बोलण्यातली धुळ्याची खूण राहिली तर राहू द्या. सुधारायचे तेवढेच, ज्याने समोरच्याला अर्थ कळायला अडचण येते.

मराठी माणसाच्या बाबतीत अशी अडचण बहुतेक वेळा अक्षरांमुळे येत नाही, आघातामुळे येते. मराठीत शब्दातल्या कोणत्या भागावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हणत जातो. इंग्रजीत प्रत्येक मोठ्या शब्दाचा एक भाग ठळक आणि बाकीचे फिके असतात, आणि ऐकणारा तो ठळक भाग पकडूनच शब्द ओळखतो. तुमच्या शाखेतलेच शब्द घ्या. ‘मेकॅनिझम’मध्ये जोर पहिल्या ‘मे’वर आहे, ‘मेकॅनिकल’मध्ये तो ‘कॅ’वर सरकतो. ‘कंपोनंट’मध्ये तो मधल्या ‘पो’वर आणि ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर. तुमच्या प्रोजेक्टमध्ये वारंवार येणारे पन्नास शब्द वहीत लिहा, मोबाइलवरच्या शब्दकोशात ध्वनीचे चिन्ह दाबून प्रत्येक शब्द ऐका, आणि जोराच्या भागाखाली रेघ ओढा. रोज पाच शब्द घेतले तर दहा दिवसांत वही पुरी होते.

ग्रुप डिस्कशनमध्ये पहिले बोलण्याची धडपड करू नका, पण पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक वाक्य बोलाच, मग ते आधीच्या वक्त्याशी सहमती दाखवणारे का असेना. जितका वेळ गप्प बसाल तितके पहिले वाक्य जड होत जाते.

राहिला त्या टोपणनावाचा प्रश्न. त्या मुलांना एकदा सरळ शब्दांत सांगा की हे मला आवडत नाही, बंद करा. तरीही चालूच राहिले, तर हे लक्षात असू द्या की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ साली केलेल्या दुरुस्तीने भाषिक ओळख किंवा प्रादेशिक मूळ यांवरून विद्यार्थ्याला दिलेला मानसिक त्रास हाही रॅगिंगच्या व्याख्येत आणला आहे, मग विद्यार्थी पहिल्या वर्षाचा असो वा तिसऱ्या. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तीन वर्षे चाललेल्या गोष्टीला मी थट्टा म्हणणार नाही.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. मुलांना बोलते करण्याचा मनापासून प्रयत्न करतो, पण प्रश्न विचारला की सगळा वर्ग खाली बघतो. कोणी बोललेच तर चुका इतक्या असतात की त्या दुरुस्त कराव्यात की सोडून द्याव्यात, हेच कळत नाही. वर्गात मराठी वापरावी का, याविषयीही आम्हा शिक्षकांत दोन मते आहेत.

उत्तर : आपल्यासारख्या शिक्षकाचे पत्र आले याचा मला फार आनंद वाटला, कारण ही भीती एकट्या विद्यार्थ्याने घालवायची असते असे मानून आपण आजवर त्याच्यावर पुष्कळ अन्याय केला आहे.

प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबता, हे एकदा मोबाइलवर तास ध्वनिमुद्रित करून तपासा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा तिला आढळले की शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबायला सुरुवात केली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि न बोलणारी मुलेही बोलू लागली. तिथे मुले आपल्याच भाषेत उत्तर देत होती. आपल्या मुलाला तर प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर मराठीत शोधायचे, ते इंग्रजीत उभे करायचे आणि मग धीर गोळा करायचा असतो. त्याच्यासाठी दहा सेकंदही फार नाहीत. ती दहा सेकंदांची शांतता शिक्षकाला जड जाते. मला ती सवय लागायला एक पूर्ण वर्ष गेले.

त्याहून चांगले म्हणजे सगळ्या वर्गापुढे प्रश्न टाकण्याआधी शेजारच्याशी दोन मिनिटे बोलू देणे. त्या बोलण्यात मराठी आली तर येऊ द्या. विचार पक्का करण्यासाठी मराठी आणि तो मांडण्यासाठी इंग्रजी, असे वापरले तर आपली भाषा इंग्रजीच्या आड येत नाही, उलट तिला टेकू देते. नंतर उत्तर विचाराल तेव्हा ‘तुझे मत काय’ असे न म्हणता ‘तुम्हा दोघांचे काय ठरले’ असे म्हणा. चुकले तर ते दोघांचे चुकते आणि मुलाच्या खांद्यावरचे ओझे निम्मे होते.

चुकांविषयी मी काहीशी आग्रही आहे. वाक्य चालू असताना मध्ये तोंड घालू नये, अगदी ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ ऐकू आले तरी घालू नये. बोलणारा त्या वेळी आशयाला धरून चाललेला असतो, त्याला व्याकरणावर ओढले की दोन्ही सुटतात. मुलाने चुकीचे म्हटलेले आपण बरोबर करून परत म्हणायचे, ही सौम्य पद्धत बहुतेक शिक्षक वापरतात. पण रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी माँट्रियलजवळच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत १९९७ साली केलेल्या अभ्यासात असे दिसले की सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीकडे मुलांचे लक्ष सर्वांत कमी जाते. त्यांना वाटते, सर आपले म्हणणे मान्य करत आहेत. तेव्हा बोलणे संपू द्यावे, आधी आशयाला दाद द्यावी, आणि मग तास संपताना नाव न घेता दोनच वाक्ये फळ्यावर लिहून ‘हे कसे सुधाराल’ असे वर्गाला विचारावे. ‘ए’ आणि ‘द’च्या चुका तर मी वर्षभर तोंडी बोलण्यात मोजतच नसे. मराठीत ती वस्तूच नाही; ती यायला वेळ लागतो आणि तिच्यावाचून बोललेले सगळ्यांना समजते.

एक विनंती आपल्या विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवा. तोंडी परीक्षेत विषयाचे गुण आणि भाषेचे गुण मनात वेगळे ठेवा. ज्या मुलाला पिस्टन कळला आहे आणि ‘पिस्टन’विषयीचे वाक्य जुळवता येत नाही, त्याला पिस्टन कळला नाही असे समजून गुण कापले जातात, आणि हे मी बाह्य परीक्षकांच्या शेजारी बसून पाहिलेले आहे.

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यात शेती करतो. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी’ अशी जाहिरात असलेल्या क्लासला त्याला घालावे का? फी बरीच आहे.

उत्तर : पैसे भरण्याआधी क्लासवाल्यांना दोनच गोष्टी विचारा. एका बॅचमध्ये मुले किती, आणि एका तासात प्रत्येक मुलाला स्वतः किती मिनिटे बोलायला मिळते. एका तासाच्या वर्गात ४० मुले असतील, तर शिकवणाऱ्याने तोंडही न उघडता सगळा वेळ मुलांना दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीडच मिनिट येते. आठ-दहा मुलांची बॅच असेल आणि बोलून घेणारा शिक्षक असेल, तर तीन महिन्यांत चांगला फरक पडू शकतो; तीस दिवसांत अस्खलितपणा येत नाही.

पैसे खर्च न करताही सुरुवात करता येते. मुलाला सांगा की त्याच्यासारख्याच दोन मित्रांना धरून रोज वीस मिनिटे, फोनवर का होईना, फक्त इंग्रजीत बोल. दिवसभर काय केले, बाजारात द्राक्षाचा भाव काय निघाला, क्रिकेटचा सामना कसा झाला, काहीही चालेल. आणि आपल्याला एक आग्रहाने सांगते. पाहुण्यांसमोर ‘एवढा शिकलास, जरा इंग्रजीत बोलून दाखव’ असे त्याला कधीही म्हणू नका. आईवडील हे कौतुकाने म्हणतात, हे मला माहीत आहे; पण माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी भीतीची पहिली आठवण म्हणून हाच प्रसंग सांगितला आहे.

प्रश्न : मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हायवाच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, सकाळी उलट्या होतात. मागच्या सत्रात मी परीक्षा हॉलच्या दारातून परत आले आणि ती तोंडी परीक्षा बुडाली. घरी आजारी होते असे सांगितले आहे.

उत्तर : वर सुचवलेले उपाय तुम्ही जरूर करा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. झोप जाणे, उलट्या होणे, परीक्षा टाळणे इथवर गोष्ट आली असेल, तर ती आता फक्त भाषेची राहिलेली नाही आणि तिच्यासाठी जाणत्या माणसाची मदत घ्यायला हवी. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर या आठवड्यातच त्यांना भेटा. नसतील, किंवा ओळखीच्या ठिकाणी जायचा संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ही सेवा २०२२ सालापासून चालू आहे, दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते. तिथे मराठीतून बोलता येते.

विभागप्रमुखांनाही भेटा आणि झाला प्रकार खरा सांगा. पुढच्या व्हायवाला तुमचा क्रमांक सुरुवातीला ठेवावा, म्हणजे दाराबाहेर दोन-तीन तास वाट बघत बसावे लागणार नाही, एवढी मागणी तरी करा. ती मान्य करणे विभागाला अवघड नसते. समोर बसून बोलणे जमणार नाही असे वाटले तर अर्ज लिहून न्या. आणि घरी निदान आईला खरे सांगा. परीक्षेच्या दिवशी सकाळी कोणीतरी तुमच्याबरोबर महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत येणे गरजेचे आहे.